हशाची रसद

विनोद करणाऱ्या माणसाचं एक गुपित स्वप्न असतं: उठून न जाणारा प्रेक्षक. एरवीचा प्रेक्षक फार मोकळा असतो. नाट्यगृहात तो मध्यंतराला वडा खायला म्हणून बाहेर पडतो आणि पार्किंगमधून गाडी सहज निघतेय हे पाहून थेट घर गाठतो. लग्नाच्या हॉलमध्ये विनोदाची गाठ जिलबीशी असते आणि या सामन्यात जिलबी हरल्याचं ऐकिवात नाही.

आता दुसरा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणा. घरापासून हजारो मैल दूर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शत्रू, आणि जागेवरून हलायचं तर साहेबाची परवानगी. संख्या दहा हजार. बहुतेकांना नुकतंच मिसरूड फुटलेलं. करमणुकीचं दुसरं साधन म्हणजे बुटांना पॉलिश. परदेशात तैनात असलेल्या फौजेपुढे कार्यक्रम करायला मिळणं ही विनोदवीराला लागलेली लॉटरीच आहे. फक्त बक्षीस घ्यायला कधीकधी तोफेच्या टप्प्यात जावं लागतं, एवढंच.

विनोदवीर बॉब होपला आधी हे कळलं नव्हतं. १९४१ साली अमेरिकेत त्याचा रेडिओ कार्यक्रम जोरात होता. कुणीतरी सुचवलं की एक भाग कॅलिफोर्नियातल्या मार्च फील्ड या हवाई तळावर जाऊन करावा. होपचा पहिला सवाल असा होता की तीच पोरं इकडे स्टुडिओत का येत नाहीत? पोरं तरणीताठी आहेत, आपण कशाला हाडं खिळखिळी करून घ्यायची, हा विचार कुठल्याही अनुभवी कलाकाराच्या मनात येईल तसाच त्याच्या मनात आला. अखेर ६ मे १९४१ ला तो गेला. आणि स्टुडिओत ज्यावर चार लोक खाकरले असते, त्या विनोदावर इथे छप्पर उडालं. होप हुशार माणूस. त्यानंतर जवळजवळ सात वर्षं त्याने आपले बहुतेक कार्यक्रम लष्कराच्या तळांवरूनच केले. कार्यक्रमाचे प्रायोजक होते पेप्सोडेंट टूथपेस्टवाले. इतके दात एका वेळी उघडे पडण्याची सोय त्यांना दुसरीकडे कुठे मिळाली असती?

त्याच वर्षी फेब्रुवारीत, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आग्रहावरून, सहा सेवाभावी संस्थांनी मिळून यूएसओ नावाची संघटना काढली होती. सैनिकांचं मनोधैर्य टिकवणं हे तिचं काम. ब्रिटिशांनी १९३९ सालीच ‘एन्सा’ काढली आणि तिचा कारभार लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरातून चालवला. पण हसवण्याचं काम समितीकडे गेलं की हशावर फाइल उघडते. कुठल्या आघाडीला किती गायिका, किती जादूगार, किती पेटीवाले, याचे तक्ते तयार होतात. ब्रिटिश सैनिकांनी एन्साच्या आद्याक्षरांचा स्वतःच विस्तार केला, त्याचा मतलब असा की रोज रात्री काहीतरी भयंकर. हा बहुधा एन्साच्या सगळ्या कार्यक्रमांतला सर्वांत जास्त दाद मिळालेला विनोद असावा, आणि तो प्रेक्षकांतून आलेला होता. हिंदी सैनिकांसाठीही वेगळी व्यवस्था होती. तिचं नाव फौजी दिलखुश सभा. सभा म्हटल्यावर अध्यक्ष आले, आभारप्रदर्शन आलं. दिल कितपत खूश होत असेल ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण प्रेक्षक कोंडलेला आहे एवढ्यावर हशा येत नाही. कोंडलेला माणूस जांभईही देऊ शकतो. होपची खरी हुशारी पुढची. कार्यक्रमाआधी त्याची माणसं तळाची चौकशी करून ठेवत: जेवणात रोज काय वाढतात, चिखल कुठवर, कडक साहेब कोण, जवळच्या गावात जायला बंदी आहे का. हा ऐवज विनोद लिहिणाऱ्यांच्या टोळीकडे जाई. मग होप हातात गोल्फची काठी फिरवत स्टेजवर येई आणि जे एखादा शिपाई मोठ्याने बोलला असता तर आठवडाभर संडास घासत बसला असता, ते माइकवरून सांगे.

पहिल्या रांगेत अर्थातच साहेबलोक. साहित्य संमेलनात पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांची जी अवस्था होते, तीच त्यांची. हसावं तर पदाची शान जाते, न हसावं तर टोला आपल्यालाच बसला हे सिद्ध होतं. कर्नल ओठ ताणतो. ते पाहून मेजर दात दाखवतो. मेजरचे दात पाहून कॅप्टन मांडीवर थाप मारतो. मागे मातीत बसलेली पोरं मात्र केव्हाच हसून झालेली असतात, आता ती कर्नलचा चेहरा पाहून दुसऱ्यांदा हसतात. एका विनोदात दोन हशे, हा हिशोब जगातल्या कुठल्याही नाट्यगृहात बसत नाही. मला तर या सगळ्या प्रकारात सर्वांत गंमतीचं हेच वाटतं की लष्कर स्वतःच्या विमानातून, स्वतःच्या पेट्रोलवर, स्वतःची टिंगल करणारा माणूस मागवतं आणि वर त्याला सलाम ठोकतं. सैनिकाला विनोद काही नवा नसतो. बराकीत त्याहून तिखट चालतात. त्याला नवी असते ती परवानगी.

परवानगी देणाऱ्यांची धास्ती मात्र कधी संपत नाही. व्हेरा लिन ही ब्रिटिश सैनिकांची लाडकी गायिका. १९४१ साली बीबीसीवर तिचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात ती लांब गेलेल्या पोरांना त्यांच्या बायकांचे निरोप सांगे आणि हळवी गाणी म्हणे. त्यावर काही निवृत्त लष्करी मंडळी आणि राजकारणी खवळले. असली पाणचट गाणी ऐकून सैनिक मऊ पडतील, त्यांच्या हातून बंदूक गळेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे हिटलरच्या रणगाड्यांपुढे जो टिकेल तो प्रेमगीतापुढे ढेपाळेल, असा या अनुभवी लोकांचा अंदाज. व्हेराबाईंनी वाद घातला नाही. १९४४ साली त्या सरळ ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघाल्या. विमानांचे टप्पे घेत, कैरो, बसरा, मुंबई, कलकत्ता करत चितगाव आणि तिथून आराकान. अंगात खाकी अर्धी चड्डी, आणि ट्रकमध्ये एक पियानो.

या पियानोबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण फौजेपुढल्या कार्यक्रमांचा खरा हुतात्मा तोच. पियानोच्या पोटात दोनशेच्या वर तारा असतात आणि प्रत्येकीचं हवेशी वाकडं. आराकानात हवा म्हणजे पाणीच, फक्त थोडं विरळ. त्यात रस्ता नाही. ट्रक खड्ड्यात आदळला की एक सप्तक जातं, ओढ्यातून निघाला की दुसरं. संध्याकाळी वादक बिचारा उरलेल्या पट्ट्यांवर साथ करणार आणि गायिका सूर स्वतःच्या जबाबदारीवर लावणार. नोएल कॉवर्ड हा लंडनचा नखरेल नाटककार त्याच वर्षी त्याच भागात फिरला, तोही पियानो घेऊनच. आसामात लेडोच्या रस्त्यावर राबणाऱ्या अमेरिकन सैनिकांना त्याचे तलम इंग्रजी शाब्दिक खेळ अजिबात मानवले नाहीत. दिवसभर चिखल उपसून आलेल्या माणसाला लंडनच्या दिवाणखान्यातली नजाकत ऐकवणं हे धाडसच. त्यांनी आरडाओरडा करून तसं कळवलं.

या बाबतीत सर्वांत शहाणी निघाली मार्लिन डीट्रिख. जन्माने जर्मन, हॉलिवूडची मोठी नटी, हिटलरच्या नावाने बोटं मोडणारी. ती १९४४ साली उत्तर आफ्रिका आणि इटलीतल्या अमेरिकन फौजांपुढे गेली ती करवत घेऊन. होय, सुताराची असते तशी करवत. व्हिएन्नात तरुणपणी ती करवतीवर वायोलिनचा गज फिरवून सूर काढायला शिकली होती. स्टेजवर खुर्ची घ्यायची, करवत दोन गुडघ्यांत धरायची आणि वाजवायला लागायचं. करवत गुडघ्यांत धरण्यासाठी झगा थोडा वर घ्यावा लागतो, त्यामुळे संगीत सुरू होण्याआधीच रसिकांची दाद सुरू होई. पण मी व्यवहाराचं बोलतोय. करवत दमट हवेत उतरत नाही, ट्रकमध्ये जागा खात नाही, सूर लावायला माणूस लागत नाही. फार तर गंज काढावा लागतो, आणि फौजेत तेलाला तोटा नसतो.

मेरिलिन मन्रोने तर वाद्याचीही भानगड ठेवली नाही. फेब्रुवारी १९५४. नुकतंच जो डिमॅजिओशी लग्न झालेलं. हा बेसबॉलमधला देव माणूस. दोघं मधुचंद्राला जपानात आली आणि तिथून नवरी निघाली कोरियाला, सैनिकांना भेटायला. चार दिवसांत दहा कार्यक्रम, एक लाखाहून अधिक सैनिक. हाडं गोठवणारी थंडी, सैनिक जाड कोटांत गुरफटलेले, आणि बाई पातळ, चमचमत्या, बिनबाह्यांच्या झग्यात. इथे पुन्हा एक साहेब आडवा आला. तिच्या एका गाण्यातल्या ध्रुपदाचे शब्द त्याला सूचक वाटले, त्याने ते बदलायला लावले. तो झगा घालून ती समोर उभी असताना पोरांचं लक्ष शब्दांकडे जाईल, अशी भीती या गृहस्थाला वाटली याचं मला फार कौतुक आहे. साहित्यावर एवढी श्रद्धा असलेला माणूस फौजेत कसा गेला?

आपल्याकडे हे काम सुनील दत्त यांच्या अजंता आर्ट्सने मनापासून केलं. सीमेवरच्या चौक्यांपर्यंत सिनेमातली माणसं नेली. १९७१ चं युद्ध संपताच हा चमू बांगलादेशातल्या आपल्या फौजेकडे गेला आणि त्यात लता मंगेशकर होत्या. जागोजागी कार्यक्रम झाले, प्रवास लष्करी विमानांचा. लष्करी विमान आतून पाहिलेल्यांना सांगायला नको की त्याची रचना गवयाच्या गळ्याचा विचार करून केलेली नसते. भिंतीलगत पट्ट्यांची बाकं, इंजिनाचा असा आवाज की शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. ओरडून उतरायचं आणि मग माइकपुढे उभं राहून गायचं. कुठल्याही गायनशाळेत हा रियाज शिकवत नाहीत.

धोका सगळ्यांनाच होता, पण होपच्या बाबतीत धोकासुद्धा लेखकांनी लिहून दिल्यासारखा येई. १९४४ साली पॅसिफिकच्या दौऱ्यात त्याच्या विमानाचं इंजिन बिघडलं आणि ते ऑस्ट्रेलियात लॉरिटन नावाच्या गावाजवळ नदीत उतरवावं लागलं. मच्छीमारांचं एवढंसं गाव. काठावरच्या लोकांनी पाहिलं तर आकाशातून हॉलिवूड पडलेलं. त्या रात्री गावच्या हॉलमध्ये नाच-गाणं झालं आणि गावकऱ्यांना युद्धात सहभागी न होता युद्धाचा कार्यक्रम पाहायला मिळाला. पुढे १९६४ च्या नाताळात तो व्हिएतनामला गेला, तेव्हा सायगावमध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांच्या ब्रिंक्स हॉटेलात मोठा स्फोट झाला. होपची मंडळी जवळच्याच हॉटेलात उतरणार होती, पण विमानतळावरून निघायला थोडा उशीर झाला. उशीर कशामुळे? होपला स्टेजवर विनोद आठवावेत म्हणून मोठाल्या पुठ्ठ्यांवर ते लिहिलेले असत. ते पुठ्ठे विमानातून उतरवायला वेळ लागला. पाठांतर न करण्याचा असा फायदा शाळेतल्या कुठल्याही मुलाला झालेला नाही. होपने पोचल्यावर लगेच त्यावर विनोद केला की येताना वाटेत एक हॉटेल उलट दिशेने जाताना दिसलं. सैनिक हसले. स्फोटात माणसं मेली होती, आणि ते हसले. बाहेरच्याला हे खटकेल. त्यांना नाही खटकलं.

हा हशा आतून ओळखणारा माणूस म्हणजे स्पाइक मिलिगन. जन्म अहमदनगर, १९१८. बाप ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत, आणि छावणीतल्या कार्यक्रमांत नाचणारा-गाणारा हौशी नट. पोराचं बालपण पुण्यात आणि रंगूनमध्ये गेलं. ज्या इंग्लंडसाठी पुढे लढायचं होतं ते त्याने मिसरूड फुटायच्या वयात पाहिलं. तोफखान्यात शिपाई म्हणून तो ट्युनिशियात होता तेव्हा त्यांच्या पलटणीची एक अजस्र तोफ कड्यावरून घसरली आणि खाली दुसऱ्याच तुकडीच्या तंबूंशेजारी जाऊन पडली. थोड्या वेळाने मिलिगन तंबूत डोकावला आणि इकडे एखादी तोफ आली का, अशी विचारपूस करू लागला. आत हॅरी सेकोंब होता. त्याने विचारलं, रंग कोणता होता? दोघांनी पुढे बीबीसीवर गून शो करून इंग्रजी विनोदाचा चेहराच बदलून टाकला. हरवलेली तोफ शोधणाऱ्या सैन्याने त्यांच्यासाठी आधीच पुरेसं लिखाण करून ठेवलं होतं. मिलिगन इटलीत मोंते कॅसिनोच्या लढाईत जखमी झाला, मनाने मोडला, वरिष्ठाने त्याची हुद्द्याची पट्टी उतरवली. लढायला निरुपयोगी ठरल्यावर त्याची भरती झाली ती करमणूक विभागात. तिथे फाटके कपडे घालून एका त्रिकुटात तो गिटार वाजवू लागला. फौजेच्या लेखी ही पदावनतीच होती. त्याच इटलीतल्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पोरं डोंगर चढत होती. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगरला जन्मलेला एक शिपाई मात्र नेपल्समध्ये फाटक्या कपड्यांत साहेबांना हसवत होता. मिलिगनने आपल्या युद्धाच्या आठवणींचे एकामागून एक खंड लिहिले. पहिल्याच्या नावात हिटलरच्या पाडावातला आपला वाटा सांगितलाय. तो वाटा किती, हे वाचून झाल्यावर हिटलर पडला कसा याचं आश्चर्य वाटतं.

आणि परदेश म्हणजे काय, हेही एकदा बघायला हवं. नाशिकजवळचं देवळाली आपल्याला उसाच्या रसाइतकं घरचं. टॉमीसाठी, म्हणजे ब्रिटिश शिपायासाठी, ते जगाचं टोक होतं. बोटीतून उतरलेला आणि बोटीची वाट पाहणारा, दोघंही तिथल्या तळावर उकडत पडायचे. जिमी पेरी नावाच्या तोफखान्यातल्या एका जवानाने तिथे सैनिकांचीच नाटकमंडळी चालवली आणि पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी त्यावर मालिका लिहिली. १९७४ ते १९८१, तब्बल आठ पर्व. कथेतल्या सैनिक-नटांची कलेवरची निष्ठा विलक्षण आहे, कारण नाटक बंद पडलं तर सार्जंट मेजर त्यांना लढायला जंगलात धाडणार असतो. एक गडी कायम बाईच्या वेशात. स्त्रीपार्टीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही, पण सार्जंट मेजरला ते बघवत नाही. मालिकेतली देवळाली इंग्लंडमध्येच उभारली होती आणि हिंदी सेवकाचं मुख्य काम तोंडाला रंग फासलेल्या गोऱ्या नटाने केलं; आज ते पाहवत नाही, आणि बीबीसीही दाखवत नाही. तरी पेरीला एक गोष्ट अचूक ठाऊक होती. सैनिकांसमोर सैनिकाने केलेल्या विनोदात साहेब कधीच जिंकत नाही.

बॉब होप हे कुठेतरी विसरला. वर्षं सरली तशी गोल्फची काठी खरी झाली. तो राष्ट्राध्यक्षांबरोबर खेळू लागला, जनरल मंडळी त्याला घरची वाटू लागली. १९६९ च्या नाताळात व्हिएतनाममध्ये त्याने सैनिकांना सांगितलं की निक्सनसाहेबांकडे शांततेची योजना आहे, त्यांनी स्वतःच मला सांगितलंय. आणि समोरून हुर्यो आली. दहा हजार कोंडलेल्या पोरांची हुर्यो. त्यांना वाटलं, हा आज पहिल्या रांगेतून बोलतोय. दोन वर्षांनी होप लाओसमध्ये उत्तर व्हिएतनामच्या अधिकाऱ्याला भेटला आणि युद्धकैदी सोडवण्यासाठी एक कोटी डॉलर उभारून द्यायची तयारी दाखवली. पैसे मुलांच्या मदतीसाठी जाणार होते. हेतू चांगलाच होता. पण विनोदवीर वाटाघाटी करायला लागला की समोरचा हसत नाही, एवढं त्याच्या लेखकांपैकी कुणीतरी सांगायला हवं होतं.

तरीही तो जात राहिला. यूएसओसाठी सत्तावन्न दौरे. १९९७ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून त्याला मानद माजी सैनिक केलं. नौदलाच्या सेवेतल्या एका जहाजाला त्याचं नाव मिळालं. हे जहाज रणगाडे आणि ट्रक वाहून नेण्यासाठी बांधलेलं. पियानोची सोय आहे का, बघायला हवं.

त्याची कार्यक्रमाची चौकट मात्र कधी बदलली नाही. आधी साहेबांवर चार टोले, मग एखादी सौंदर्यवती, आणि तिच्याकडे बोट दाखवून सैनिकांना आठवण की पोरांनो, तुम्ही कशासाठी लढताय ते बघून घ्या. १९९० च्या नाताळात, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, तो हीच चौकट घेऊन आखाती युद्धाच्या तयारीत असलेल्या फौजेकडे सौदी अरेबियात पोचला आणि चौकटीतलं चित्रच काढून घेतलं गेलं. बायकांनी स्टेजवर गाणं-नाचणं तिथल्या रिवाजात बसत नव्हतं. बरोबर आलेल्या गायिका आणि नट्यांना मागे थांबावं लागलं. वाळवंट, हजारो सैनिक, आणि कार्यक्रमात दाखवायला फक्त बॉब होप. शेवटी एका स्त्रीला गायची मुभा मिळाली: डोलोरेस होप, वय एक्क्याऐंशी, होपची पन्नासहून अधिक वर्षांची लग्नाची बायको. मान्यता देणाऱ्यांना तिच्या गाण्यात हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. यात मान किती आणि अपमान किती, ते डोलोरेसबाईंनी ठरवायचं. त्या लग्नाआधी नाइट क्लबात गायच्या.